फक्त नाव बदला

फ्लेक्स आणि लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानात बसलेल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. मशीनखालच्या शाईच्या डागांसारखे, पुसून निघत नाहीत. परवा मैत्रिणींच्या घोळक्यात एक सांगायला गेले, तर त्याचा हात धरून बाकीचे सगळे बाहेर आले. पहिल्या दोनांना सगळ्या खो खो हसल्या. नंतर नंतर कोणी हसेना, आणि शेवटी एकीने चहा ठेवायच्या निमित्ताने उठून विषयच बदलला! म्हटलं, आता लिहूनच टाकते. वाचणाऱ्याला निदान उठून जायला निमित्त लागत नाही.

आमचं दुकान लालबागच्या एका गल्लीत. 'आमचं' म्हणजे नंदूचं. नंदू शाळेत माझ्याच वर्गात होता. मशीन त्याचं, गल्ला त्याचा, आणि कॉम्प्युटरवर बसून मजकूर टाइप करणारी मी, ज्योती. आमच्या धंद्यात मजकुराला 'मॅटर' म्हणतात. लग्न, बारसं, वाढदिवस, सत्यनारायण, श्रद्धांजली, सगळ्यांचं मॅटर माझ्या हातून जातं. टाइप करते म्हणाले खरी, पण नव्याने टाइप करायची वेळ क्वचितच येते. गिऱ्हाईक आलं की जुनी फाइल उघडायची, नाव बदलायचं, फोटो बदलायचा आणि प्रिंट द्यायची, ही आमची पद्धत. मी जरा कुठे विचार करत बसले की नंदू मागून ओरडतो, "ज्यो, डोकं नको लावू गं. फक्त नाव बदल!"

एवढ्या लालबाग-परळात इतकी माणसं जन्मतात, लग्नं करतात, मरतात, आणि त्या सगळ्यांना आमच्या दहा-पंधरा फाइली पुरतात. विचार केला की जीव घाबरा होतो. बरीच वर्षं मी तो केला नाही.

*

गल्लीतल्या बाळाशेठचा वाढदिवस दरवर्षी दणक्यात व्हायचा. फ्लेक्स ठरलेला. डोळ्यांवर गॉगल, गळ्यात साखळी, बघणाऱ्यावर रोखलेलं बोट आणि मागे रंगीत फुगे. खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांच्या रांगा. त्यातले निम्मे मोबाईल कानाला लावून, जणू त्यांच्यावाचून कोणाचं तरी अडलंय!

एका सकाळी बाळाशेठ हार्ट अटॅकने गेला. घरच्यांकडे दुसरा फोटोच नव्हता. नंदूने वाढदिवसाचीच फाइल उघडली. रंग घालवले, 'शुभेच्छुक' काढून 'शोकाकुल' टाकलं, फुगे पुसले. चेहरे तेच, कानाला मोबाईलही तेच. पण घाईत एक फुगा बाळाशेठच्या खांद्यामागे राहून गेला, आणि तो दिसला फ्लेक्स नाक्यावर चढल्यावर!

नंदू घाम पुसत बाळाशेठच्या बायकोकडे धावला. "वहिनी, चूक झाली. आत्ता उतरवतो, दुसरा लावतो."

वहिनींनी फ्लेक्सकडे बघितलं. म्हणाल्या, "फुगा राहू दे, भावजी. बोट तेवढं खाली घेता येतंय का बघा. जन्मभर माझ्यावरच रोखलेलं होतं!"

*

श्रद्धांजलीचा आमच्याकडे एक अल्बम आहे. त्यात नमुने लावलेत आणि प्रत्येकाला नंबर दिलाय. दोन नंबरात तेवता दिवा, सात नंबरात मावळता सूर्य. सगळ्यात जास्त चालतो तो चार नंबर. त्यात वटवृक्ष आहे, सावली आहे, "मितभाषी, धार्मिक, मनमिळाऊ" आहे, आणि "कधीही कोणाला दुखावले नाही" हेही आहे. लोक आत येतात, डोळे सुजलेले असतात, अल्बम चाळतात आणि म्हणतात, "चार टाका."

एका चाळीत आई वारली. दोन्ही मुलांचं एकमेकांशी बोलणं बंद. थोरला सकाळी येऊन ऑर्डर देऊन गेला, धाकटा दुपारी. दोन्ही फ्लेक्स एकाच भिंतीवर शेजारी शेजारी लागले. दोन्हींवर वटवृक्ष! संध्याकाळी थोरला दुकानात तरातरा आला. "माझं मॅटर त्याला का दिलं? मी आधी निवडलं होतं!" मागोमाग धाकटा आला. "ह्याने काय विकत घेतलंय काय मॅटर?"

मला वाटलं, आता इथेच हातघाई होणार. नंदूने मशीन बंद केलं आणि शांतपणे विचारलं, "दोघांची आई एकच ना रे? मग मॅटर पण एकच!"

 जाताना थोरल्याने धाकट्याला पाणी विचारलं, असं नंदू अजून सांगतो. मला काही तसं दिसलं नव्हतं.

*

हा किस्सा माझ्याच घरचा. इथे मैत्रिणी हसायच्या थांबल्या.

माझे अप्पा गिरणीत होते. राहायला आम्ही भोईवाड्यातल्या चाळीत. अप्पांचा आवाज असा, की ते पहिल्या मजल्यावर बोलायला लागले की तिसऱ्या मजल्यावरची माणसं रेडिओ बंद करायची. मोर्चात घोषणा द्यायला त्यांनाच पुढे ठेवायचे. देवळाची पायरी ते कधी चढले नाहीत, आणि त्यांनी ज्याला दुखावलं नाही असा माणूस आमच्या चाळीत शोधून सापडला नसता.

अप्पा गेले तेव्हा मी हॉस्पिटलात त्यांच्यापाशी होते. नंदूने तोवर फ्लेक्स छापून चाळीच्या तोंडाशी लावूनसुद्धा टाकला. पैशाचं नाव काढलं नाही. त्याने ते प्रेमानेच केलं होतं, त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. अँब्युलन्समधून उतरले तर समोर अप्पांचा फोटो, आणि खाली "मितभाषी, धार्मिक, मनमिळाऊ."

चार नंबर!

शेजारचे सावंतकाका फ्लेक्ससमोर उभे होते. त्यांनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं वाचलं, मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "ज्योती, फोटो अप्पांचो आसा. पण गेलो कोण?"

मला अप्पा गेल्याचं रडू तोवर आलं नव्हतं. ते तिथे आलं. कारण ते शब्द दुसऱ्या कोणाचे नव्हते, माझेच होते. कोणा परक्या म्हाताऱ्यासाठी कधीतरी दुपारच्या जेवणाआधी मीच टाइप केलेले. कोणासाठी केले होते तेही आठवेना. तेच शब्द फिरून फिरून माझ्या दारात आले होते, आणि माझ्याच बापाला मी ओळखत नव्हते.

तेव्हापासून मी विचार करायला लागले. एकच गोष्ट मनात धरली. या दुकानातून एक तरी मॅटर असं बाहेर जाऊ दे, जे त्या एकाच माणसाचं असेल आणि दुसऱ्या कोणालाही बसणार नाही. निदान एकाचं तरी.

*

सुरुवात दादरच्या कॉलेजातल्या एका मुलीपासून केली. ती प्रोजेक्ट छापायला आली होती. पेनड्राइव्हमध्ये मागच्या वर्षीच्या मुलाचं प्रोजेक्ट, त्याने ते त्याच्या आधीच्या मुलीचं घेतलेलं. पहिल्याच पानावर "हे लेखन मी स्वतः केले असून ते मौलिक आहे" असं प्रमाणपत्र. तेसुद्धा त्याचंच!

मी म्हटलं, "अगं, निदान दोन ओळी तरी स्वतःच्या घाल. मी टाइप करून देते, पैसे नको देऊस."

ती घाबरली. "नको ताई! माझ्या ओळी वाचल्या तर सर विचारतील, या कुठून आणल्या?"

*

मग मंडळाच्या अहवालाला हात घातला. गणपतीत दरवर्षी अहवाल निघतो, त्यात अध्यक्षांचं मनोगत असतं. अध्यक्ष दळवीकाका कोणे एके काळी झाले, ते अजून आहेत. त्यांच्या मनोगतात एक वाक्य मी आल्यापासून बघतेय, "गिरण्या बंद असल्यामुळे यंदा अपेक्षेप्रमाणे वर्गणी जमा होऊ शकली नाही." मंडळाच्या मंडपाशेजारी आता मान दुखेपर्यंत वर बघावं लागेल असा टॉवर आहे. त्याच्या गेटवरच्या वॉचमनला गिरणी म्हणजे पिठाची एवढंच ठाऊक!

मी ते वाक्य काढून टाकलं. प्रूफ बघून दळवीकाका तणतणत आले. "माझं वाक्य कुठे गेलं?"

"काका, आता गिरण्या आहेत कुठे?"

"म्हणजे बंदच आहेत ना? मग वाक्यात चुकलं काय?"

मी वाक्य होतं तिथे परत टाकलं. नंदू मशीनमागून म्हणाला, "सांगितलं होतं ना, डोकं लावू नको."

*

आणि मग मंजुळामावशी आली.

मंजुळामावशी माझगावची, कोळी. आमच्या इथल्या बाजारात मासे विकते. तिचा दिनेश डॉकमध्ये कंत्राटी कामाला होता. ड्युटी संपवून बाइकवरून घरी येताना डंपरखाली आला. त्याच्या वर्षश्राद्धाचा फ्लेक्स करायचा होता. बाजार उठल्यावर मावशी माशांची पाटी बाहेर ठेवून आत आली, हात पदराला पुसले आणि स्टुलावर बसली.

नंदूने सवयीने अल्बम पुढे केला. "मावशी, चार नंबर सगळे घेतात."

मावशी अक्षराला अक्षर जोडून वाचायची. तिला त्रास नको म्हणून मीच एकेक नमुना वाचून दाखवला. दिवा झाला, सूर्य झाला, वटवृक्ष झाला. प्रत्येकाला तिने मान हलवली. "नाय गो बाय. ह्यो माजा दिन्या नाय."

मग तिने कमरेच्या पिशवीतून मोबाईल काढला. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला होता, तरी त्याला माशांचा वास होता. तिने दिनेशचा शेवटचा मेसेज उघडून माझ्यापुढे धरला.

"आये, मधला तुकडा ठेव. येतोच."

"ह्ये लिव. येवढंच."

नंदूने वाकून वाचलं. "मावशी, हे काय? मधला तुकडा कसला?"

"सुरमईचा. पोराला लय आवडायचा. पन घरात ऱ्हातोय कवा? गिऱ्हाईक पयला त्योच उचलतंय. त्या दिवशीपन सकाली एक बाई आली नि..." एवढं बोलून ती मोबाईल परत पिशवीत गुंडाळायला लागली.

"पण मावशी, लोकांना काय कळणार?"

"लोकांना कशाला कलाया पायजे? ह्ये माजं नि त्याचं बोलनं हाय."

मला त्या क्षणी तिच्या पाया पडावंसं वाटलं. मी कोरी फाइल उघडली. इतक्या वर्षांत आमच्या कॉम्प्युटरवर कोरी फाइल उघडलेली नंदूनेही बघितली नव्हती. वर दिनेशचा फोटो, खाली ती ओळ, बाकी काही नाही. वटवृक्ष नाही, शोकाकुल नाही. मावशीने स्क्रीनवर बोट ठेवून ती ओळ सावकाश वाचली आणि मान डोलावली.

जाताना दारात वळून म्हणाली, "ह्ये दुसऱ्या कुनाला लावू नको हां गो."

"मावशी, हे दुसऱ्या कोणाला बसणारच नाही," मी म्हटलं. छाती फुगवून म्हटलं!

*

तो फ्लेक्स माझगावात त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी लागला. येणारे-जाणारे थांबायला लागले. कोणीतरी फोटो काढला, कोणीतरी कोणालातरी पाठवला. आठवड्याभराने माझ्या गिरगावच्या मावसबहिणीने सकाळी सकाळी मला तो व्हॉट्सॲपवर पाठवला. दिनेशचा फोटो कोणीतरी कापला होता आणि त्या जागी गुलाब लावले होते. खाली तिने लिहिलं होतं, "खूप सुंदर विचार! शुभ सकाळ!"

मी तिला फोन केला. "अगं, हा विचार नाहीये. मासे आहेत ते!"

"काहीतरीच काय तुझं," ती म्हणाली. "तुला ना, कशातलं चांगलं म्हणून काही दिसत नाही."

फोन ठेवला आणि मी दुकानात गेले. त्या दिवसापासून दार उघडलं की मी आधी येणाऱ्याच्या हातातला मोबाईल बघायचे. कोणीतरी ते गुलाब घेऊन आत येणार, हे मला ठाऊकच होतं.

*

आला तो डिलाईल रोडचा माणूस. चांगला शिकलेला, ऑफिसातला, सभ्य. वडील वारले होते. त्यांना घरात दादा म्हणायचे. तेराव्यासाठी फ्लेक्स हवा होता. त्याने मोबाईल पुढे केला. तेच गुलाब!

"असंच टाका. वाचून आमच्या घरात सगळे रडले."

मी विचारलं, "तुमच्या दादांनी असा मेसेज केला होता?"

"नाही हो. दादांकडे मोबाईलच नव्हता."

"मासे खायचे?"

"छे! माळकरी होते दादा."

"अहो, मग मधला तुकडा कसला?"

तो जरा विचारात पडला. "माशांचं कुठे लिहिलंय त्यात? वडीचा समजतील लोक."

"आणि तेराव्याच्या फ्लेक्सवर 'येतोच'? माणसं घाबरतील!"

"तेच तर छान वाटतं, मॅडम. फक्त 'आये'च्या जागी 'अगं' टाका. दादा आमच्या आईला 'अगं' म्हणायचे."

मी सरळ नाही म्हटलं. ही दुसऱ्याची ओळ आहे, मिळणार नाही. तुमच्या दादांचं काहीतरी सांगा, काय बोलायचे, कशावरून चिडायचे, मी बसते, लिहून देते. तो बिचारा आठवायला लागला. खरंच आठवत होता. भिंतीकडे बघत बसला, ओठ हलवले, मग त्याचे डोळे भरले. म्हणाला, "काही विशेष बोलायचे नाहीत हो. मला काहीच आठवत नाहीये. तेच टाका ना, प्लीज."

नंदूने मला बाजूला घेतलं. हल्ली लोक मोबाईलवर फुकटात फ्लेक्स बनवतात, महिनाभर मशीनला पुरेसं काम नव्हतं, हे सगळं मलाही माहीत होतं.

"नंदू, मी त्या बाईला शब्द दिलाय."

"तू दिलायस. मशीनने नाय दिला."

मी पर्स उचलली आणि घरी गेले. नोकरी सोडते म्हणून आईला सांगितलंसुद्धा. आई म्हणाली, "सोड. मग करशील काय?" दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात आले, तर फ्लेक्स छापून गेलेला होता. मी गुपचूप खुर्चीवर बसले आणि एका बारशाची जुनी फाइल उघडली.

*

आता शेवटचा. हा मी मैत्रिणींना सांगितला नाही.

काही दिवसांनी मंजुळामावशी आली. पाटी बाहेर ठेवली, हात पदराला पुसले, स्टुलावर बसली. नंदू तिला बघताच मशीनमागे गेला. मी उभी राहिले. काय काय शिव्या ऐकायच्या ते मनाशी ठरवून ठेवलं होतं, आणि एकीलाही उत्तर द्यायचं नाही हेही ठरवलं होतं.

"डिलाल रोडला गेलेली मी," ती म्हणाली. "नाक्यावं वाचलं."

"मावशी..."

तिने हाताने मला थांबवलं. "म्हातारा हाय. गल्यात तुलशीची माल हाय त्याच्या."

"हो."

"त्योपन त्येच बोलला? जाताना?"

नंदूने मशीनमागून डोकं वर काढलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या जिभेवर होतं.

"हो मावशी," मी म्हटलं. "तेच बोलले."

 बाहेर तिच्या पाटीवर एक मांजर आलं, ते तिने बघितलं, पण हाकललं नाही. मग माझ्याकडे वळली आणि अगदी हळू आवाजात तिने विचारलं,

"मंग त्याच्या बायकोनी तुकडा ठेवलेला का गो?"